उन्हाळ्यात शेततळ्याचं हिरवं पाणी: शेवाळ तापलं की काय होतं आणि आपण काय करायचं

राम राम मंडळी. शेततळ्यात रोहू-कटला सोडलेत त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून सोलापूर-मराठवाडा पट्ट्यातल्यांसाठी, कारण दुपारी हवा ४० च्या पुढं गेली की प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात वरचं वीतभर पाणी ३५ ला सहज टेकतं. मागच्या मे महिन्यात माझं हिरवंगार पाणी चार दिवसात तपकिरी झालं, मी म्हटलं बरं झालं शेवाळ गेलं, आणि पाचव्या दिवशी पहाटे दोन क्रेट मासे पालथे. तेव्हापासून या शेवाळाच्या मागंच लागलोय.

पाण्याला हिरवा रंग येतो तो क्लोरेला, सिनेडेस्मस असल्या एका पेशीच्या शेवाळानं. दिवसा ऑक्सिजन देणारं हेच. आता ही पेशी तापली की सगळ्यात आधी तिची पातळ कातडी ढिली पडते, म्हणजे तूप उन्हात ठेवल्यावर होतं तसं, मग पेशी काय करते, कातडीतली पातळ तेलासारखी चरबी कमी करून घट्ट, थिजणारी चरबी भरते. दुसरं म्हणजे आतली प्रोटीनं उलगडतात आणि एकमेकाला चिकटून गोळा व्हायला लागतात. त्यावर पेशी मिनिटांत हीट शॉक प्रोटीनं तयार करायला घेते, ती करवलीसारखी प्रत्येक प्रोटीनच्या मागं उभी राहतात, सावरतात, परत घडी घालतात. पण या सगळ्याला ताकद लागते, आणि ताकद जिथून येते ते प्रकाश पकडणारं यंत्रच उन्हात लवकर बिघडतं. रोज मोडतं रोज दुरुस्त होतं असं ते यंत्र आहे, उष्णतेत मोडणं वाढतं आणि दुरुस्ती मागं पडते.

अमेरिकेत सेंट लुईसच्या डॅनफोर्थ सेंटरचं २०२२ मध्ये छापून आलेलं काम आहे, क्लॅमिडोमोनास नावाच्या हिरव्या शेवाळावर. एक दिवस ३५ ला ठेवलं तर पेशींचं विभाजन थोडा वेळ थांबलं आणि परत चालू झालं. ४० ला मात्र विभाजन बंदच, पेशी नुसत्या फुगल्या. फरक पाचच अंशाचा. आपल्या तळ्यातल्या जाती वेगळ्या, काही क्लोरेला जास्त काटक असतात, त्यामुळं आकडा जसाच्या तसा धरू नका, पण ३५ च्या पुढं एकेक अंश महाग पडतो एवढं धरा.

आता खरी गोम. ऑक्सिजन बनवणं उन्हात लंगडं होतं पण श्वास घेणं थांबत नाही, उलट वाढतं, १० अंश वाढले की साधारण दुप्पट. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, २५ ला लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३५ ला ७. म्हणून रात्रभर शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळेच ओढतात आणि पहाटे ३ ते ६ ला तळ्यातला ऑक्सिजन संपत येतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजा उशीरच झालाय.

म्हणून एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत चालू ठेवा, लाईट रात्रीची नसेल तर डिझेल इंजिनवर तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात पाडा. दुपारी १-२ तास चालवला तर वरचं तापलेलं आणि खालचं गार पाणी मिसळतं, पण तळाला गाळ जास्त असेल तर दुपारी चालवू नका, घाण वर येते. विहिरीचं ताजं पाणी सोडायचं ते पहाटे, थोडं थोडं. खाद्य सकाळी ऊन चढायच्या आत, आणि पाणी ३५ ला गेलं की निम्मं.

शेण, युरिया, सुपर फॉस्फेट या दिवसात बंद म्हणजे बंद. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचा नव्हे तर आम्ल-अल्कपणाचा आकडा, ९ च्या पुढं जाऊ शकतो, तेव्हा पाण्यातला अमोनिया विषारी रूपात जातो. अशा वेळी चुनाही टाकू नका, तो पीएच अजून चढवतो.

हात कोपरापर्यंत बुडवा, तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्तच झालंय, तरी मोरचूद टाकून एका झटक्यात मारायला जाऊ नका, दुकानदार काहीही सांगू दे. आधीच तापलेल्या पेशी एकदम मरतात, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातात. थोडं पाणी खालून काढून फळबागेला द्या आणि तेवढंच ताजं भरा. ड्रिपला जोडताय तर सँड फिल्टरचं बॅकवॉश (उलट्या पाण्यानं धुणं) रोज करा, मेलेल्या शेवाळाची बुळबुळ ड्रिपर बंद करते.

पाण्यावर हिरव्या पेंटसारखी साय धरली, वास मारायला लागला, तर ते हिरवं शेवाळ नाही, निळं-हिरवं आहे, त्याला उष्णता मानवते आणि काही जाती विष सोडतात. त्या कडेचं पाणी गुरांना पाजू नका. साय वाऱ्यानं एका कोपऱ्यात जमते, सकाळी तिथून जाळीनं काढा.

मत्स्यालयाच्या दुकानात काचेचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. दोरी बांधून दुपारी ३ ला एकदा वर आणि एकदा कमरेएवढ्या खोलीवर धरा, आणि पहाटे ५ ला परत.