बिटकॉइन पाठवताना आधी फी तपासा, मग पत्ता

यूपीआयवर पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं. बिटकॉइनमध्ये ते दिसत नाही, आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सामाईक नोंदवहीच्या पानात, गेलेला व्यवहार कोणालाच मागे घेता येत नाही. म्हणून सगळी तपासणी सही करण्याआधी, म्हणजे वॉलेटमधून व्यवहाराला मंजुरी देण्याआधी.

सगळ्यात महागात पडते ती फीची चूक. व्यवहारात फी वेगळी लिहिलेलीच नसते. तुम्ही खर्चायला घेतलेल्या रकमेतून पाठवलेली रक्कम वजा केली की उरेल ते मायनरचं, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये घालणाऱ्याचं. समजा, तुमच्याकडे आधी मिळालेल्या ०.५ बिटकॉइनची, एका नोटेसारखी, एकच नोंद आहे आणि ०.०२ पाठवायचे आहेत. ही नोंद अख्खीच मोडावी लागते. सुटे स्वतःच्या पत्त्यावर परत घ्यायचे असतात. वॉलेट हे आपोआप करतं. पण व्यवहार हाताने किंवा स्वतःच्या प्रोग्रॅममधून बांधताना सुट्यांची ओळ विसरलात, तर ०.४८ बिटकॉइन फी म्हणून गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सॉस या क्रिप्टो कंपनीकडून जेमतेम ०.०७ बिटकॉइन पाठवताना जवळपास २० बिटकॉइन फी भरली गेली. ब्लॉक ज्याला मिळाला त्या एफटूपूल या मायनरांच्या गटाने ती परत केली, पण तसं बंधन कोणावरच नसतं.

म्हणून हिशेब स्वतः करा. एक नोंद आत, दोन बाहेर असा आजच्या सेगविट पत्त्यांचा (bc1q ने सुरू होणाऱ्या) साधा व्यवहार सुमारे १४१ व्हीबाइटचा असतो; व्हीबाइट हे व्यवहाराचा आकार मोजायचं एकक, आणि फी त्यावरच ठरते. दर व्हीबाइटला १० सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) धरला तर फी १,४१० सातोशी, म्हणजे ०.००००१४१ बिटकॉइन. वरच्या उदाहरणात ०.४७९९८५९ परत यायला हवेत. पडद्यावर तोच आकडा आहे का, ते पाहा. दराच्या रकान्यात एकूण फी टाकली, तर ती १४१ पट होते. बिटकॉइन कोअर हे बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर ०.१ बिटकॉइनवरची फी मुळातच अडवतं. ही मर्यादा वाढवू नका, कमी करा. घाई नसेल तर दर कमीच ठेवा आणि आरबीएफ (अडकलेला व्यवहार जास्त फीने पुन्हा पाठवायची सोय) चालू ठेवा. कमी पडलेली फी नंतर वाढवता येते, जास्त गेलेली कमी करता येत नाही.

आता पत्ता. एखादं अक्षर चुकलं तर चेकसम, म्हणजे पत्त्यातच असलेली पडताळणीची अक्षरं, ते जवळजवळ नेहमीच पकडतो. पण कॉपी-पेस्टच्या मध्ये व्हायरसने घुसवलेला चोराचा पत्ता त्याच्या लेखी बरोबरच असतो. हार्डवेअर वॉलेटच्या (किल्ली सांभाळणाऱ्या वेगळ्या छोट्या यंत्राच्या) पडद्यावरचा पत्ता समोरच्याने दिलेल्या पत्त्याशी चार-चार अक्षरं करून ताडून पाहा, मधलीसुद्धा. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. सुरुवात-शेवट सारखा असलेले बनावट पत्ते तिथे मुद्दाम पेरलेले असतात. रक्कम मोठी असेल तर आधी १०,००० सातोशी पाठवा आणि पोचल्याचं समोरच्याकडून फोनवर ऐका, मगच बाकीचे.