चिनी शिंगाड्याचं पाणी आता तोडू नका

ऊन तापलंय, पाऊस लांबलाय, आणि खाचरांत भेगा पडायला लागल्यात. ज्यांनी चिनी शिंगाडा (वॉटर चेस्टनट, एलिओकॅरिस डल्सिस) लावलाय त्यांनी आधी बांधावर जाऊन पाणी बघा, बाकीची कामं नंतर. या पिकात सगळ्यात जास्त नुकसान मी पाणी तुटल्यामुळेच झालेलं पाहिलंय. रोगकिडीनं तेवढं होत नाही. चार दिवस चिखल सुकला की लव्हाळा उसळतो, आणि काढणीला कंद बोराएवढे निघतात.

ओळख पक्की करा. आपला नेहमीचा शिंगाडा पाण्यावर तरंगतो. हा चिखलात उभा राहतो आणि कंद धरतो. लव्हाळ्याच्याच कुळातला, पण लव्हाळ्याचं खोड तिधारी आणि पानं स्पष्ट. याची खोडं गोल, पोकळ, पानं नावालाही नाहीत. बोटांत दाबलं की आतले पडदे टचटच फुटतात. तुरा शेंड्यालाच, खोडाएवढाच जाड. तिधारी दिसेल ते उपटा.

नेहमीची कामं:
– मातीचा सामू (पीएच) 6.9 ते 7.3
– चिखलणी, कंद 10 ते 12 सेंमी खोल
– लावणीनंतर एक दिवस पाणी, मग निचरा
– रोपं 20 ते 30 सेंमी झाली की 10 ते 12 सेंमी पाणी, पुढं साधारण सहा महिने
– काढणीआधी महिनाभर पाणी बंद

लावणीनंतरचा निचरा करून झाला की बरेच जण पाणी परत भरायचंच विसरतात. रोपं वीतभर झाली की भरा, आणि भरलंत की टिकवा. खाचरात खुणा केलेली काठी रोवा. शेजारी पाण्याची बादली चिखलात बसवून ठेवा. बादलीपेक्षा खाचराची पातळी जास्त उतरली तर बांध गळतोय किंवा तळ पाझरतोय. खेकड्याची, उंदराची बिळं बघा, चिकणमातीनं बुजवून पायानं तुडवा. हे दर दोन दिवसांनी, कडक उन्हात रोज.

दुकानदार ‘कंद फुगवणारं’ टॉनिक गळ्यात मारतील. घेऊ नका, तो पैसा बांधावर घाला. खत माती परीक्षणाप्रमाणंच द्या. माझा अंदाज असा, की उशिरा दिलेला युरिया नुसती खोडं माजवतो. कंद धरायला लागल्यावर मी तो देत नाही.

दिवस लहान होतील तसे कंद धरतात, तेव्हा तर एक दिवसही खाचर उघडं नको. खोडं तपकिरी पडून कोसळली की मगच निचरा करा. काढलेले कंद दातांनी सोलू नका, सालीवर आतड्यातल्या कृमींची पिल्लं असू शकतात. धुऊन, सुरीनं सोलून, उकडून खा.