रिमॅप करायच्या आधी क्लच तपासा

१.० लिटर टर्बो पेट्रोल छोटी एसयूव्ही रोज चालवत असाल, तर ट्यूनिंगला हात घालण्याआधी इंजिनला चांगली हवा, चांगले इंजिन ऑइल आणि चांगले स्पार्क प्लग एवढे आधी करून घ्या.

माझी चूक सांगतो. आधी रिमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली. शहरात गाडी झकास पळू लागली. मग भुसावळला मामांकडे निघालो आणि इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात चौथ्या गिअरवर दाबली, तर आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा सरसर वर गेला, वेग मात्र जागच्या जागी. जळका वासही आला. वाढलेला टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) जुन्या क्लचला झेपत नव्हता! म्हणून आधी क्लच तपासा. रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून जोर द्या. काटा वेगाला सोडून पुढे पळाला, तर रिमॅप थांबवा.

बॉनेटखालचा उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर (कोन फिल्टर) मला पटत नाही. आवाज भारी येतो, पण मे महिन्यात इंदुरात पलासियाच्या सिग्नलला तो इंजिनचीच गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, शिवाय नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनला ठोके बसण्याचा) धोका. कंपनीचा बंद एअरबॉक्सच ठेवा, फिल्टर स्वच्छ ठेवा.

बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवलात तर प्लगचा गॅप (टोकांमधले अंतर) ट्यूनरकडून तपासून घ्या, नाहीतर जोरात दाबताना मिसफायर होतो, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही. ज्या ऑक्टेनवर (पेट्रोलच्या नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेवर) मॅप बसवलाय तेच पेट्रोल भरा. रिमॅपआधीच्या मूळ सॉफ्टवेअर फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा. वॉरंटी चालू असेल तर मात्र ती संपेपर्यंत थांबा.