एकट्याने धबधब्याला निघताय? परतीच्या वाटेवर महागात पडणाऱ्या चुका

जाताना फरशी पुलावर घोट्याएवढं पाणी होतं. साडेचारला परत आलो तेव्हा तेच पाणी दुधाच्या चहासारखं झालं होतं आणि पुलाच्या कडेचे दगड दिसेनासे झाले होते.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात असलेल्या कुंभे धबधब्याहून दुचाकीवर एकटाच परतत होतो. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर असं करत तिकडे जाता येतं. शेवटच्या टप्प्यात रस्ता नावालाच उरतो. त्या दिवशी पाऊस फार नव्हता, निदान माझ्या डोक्यावर तरी नव्हता. पुलाच्या अलीकडे गाडी चालू ठेवून मी हिशेब करत होतो: दहा-बारा मीटर तर आहे, पहिला गिअर, एका दमात पार. मागून एक आजोबा गुरं घेऊन आले. पुढची म्हैस पाण्याजवळ आली, नाक खाली केलं आणि तिथेच उभी राहिली. आजोबांनी तिला हाकललं नाही. मला म्हणाले, "दादा, वर पडतोय. थांब जरा."

थांबलो. चौघं असतो तर "वेडा आहेस का?" असं कोणीतरी त्यांच्या आधीच म्हटलं असतं. एकट्याने फिरताना ‘नाही’ म्हणणारं कोणी सोबत नसतं आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. म्हणून तो ‘नाही’ घरूनच ठरवून न्यायचा. मी तीन ओळी कागदावर लिहून पेट्रोलच्या टाकीवर चिकटपट्टीने चिकटवतो. दुपारी दोनला जिथे असेन तिथून मागे. पुलाच्या दोन्ही कडा दिसत नसतील तर पाण्यात गाडी नाही. वाट दोनदा चुकली तर तिसऱ्यांदा शोधायची नाही. मित्र हसतात. हसू देत.

घरच्या खिडकीतून आभाळ बघून निघणं

पुण्या-मुंबईच्या पावसावरून घाटाचा अंदाज बांधणं ही पहिली चूक. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराची दाणादाण उडाली. त्याच २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर नोंदला गेला. म्हणजे जवळपास पाचपट, आणि अंतर दुचाकीवरून दीड-दोन तासांचं.

हवामान खात्याचे इशारे जिल्हावार येतात, पण पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो. आपल्याला तो वाचायचा आहे. जिल्ह्याला पिवळा आणि घाटाला नारिंगी असं पुष्कळदा असतं. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर ‘जोरदार’, ११५.६ च्या वर ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. माझ्यापुरता नियम असा: घाटाला नारिंगी असेल तर एकट्याने जायचं नाही. लालचा तर प्रश्नच नाही. आदल्या दोन दिवसांचा पाऊसही बघा. डोंगर आधीच पाणी पिऊन तुडुंब असला की नवीन सर थेट ओढ्यात उतरते आणि दरडीही अशाच वेळी सुटतात. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या.

नकाशातल्या निळ्या रेघेवर विसंबणं

नकाशाचं ॲप जवळची वाट दाखवतं, चांगली वाट नव्हे. ३८ किलोमीटरला सव्वा तास दाखवत असेल तर कच्च्या रस्त्यावर पावसात अडीच तास धरा. दुसरी गंमत म्हणजे धबधब्याची खूण कधी माथ्यावर असते, कधी पायथ्याशी. दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या, कधीकधी गावंही वेगळी. आपल्याला वरून बघायचा आहे की खाली कुंडाशी जायचं आहे, ते निघण्याआधी ठरवा.

वाट विचारताना "किती लांब आहे?" असं विचारू नका. "हे काय, इथंच" हे उत्तर ठरलेलं आहे आणि ते देणारा रोज सात किलोमीटर चालणारा असतो. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा. "पुढे एसटी जाते का?" आणि "काल कोणाची गाडी वर गेली होती का?" एसटी जात असेल तर तिथवर निर्धास्त जा. मुक्कामी गाडी येत असेल तर आणखी बरं, कारण काही बिनसलं तरी सकाळी गावातून बाहेर पडायची सोय असते. एसटी जिथे थांबते तिथून पुढचा रस्ता कसा असेल ते मात्र गावकऱ्यांनाच विचारा.

वाहत्या पाण्यात गाडी घालणं, आणि बंद पडली की सेल्फ मारत बसणं

पाणी खोल किती यापेक्षा त्याला ओढ किती ते बघा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गढूळ पाण्याखाली पुलाचा तुकडा वाहून गेला असेल तर वरून कळत नाही. ओढा फुगणार हे आधी त्याचा रंग सांगतो. नितळ पाणी गढूळ होतं, मग पानं-काटक्या वाहत येतात, मग आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी कुंडात असाल किंवा काठावर, लगेच उंचावर जा. वर ढगफुटीच व्हावी लागते असं नाही. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा ते पाण्याच्या मधोमध उभे होते आणि बाहेर यायला सवड उरली नाही.

अडकलात तर काय करायचं? आजोबांनी मला जे शिकवलं ते सांगतो. त्यांनी काठावरचा एक दगड दाखवला, अर्धा बुडालेला. "ह्याच्यावर नजर ठेव." पंधरा मिनिटांनी दगड पुरता गेला. म्हणजे पाणी चढतंय. तासाभराने त्याचं टोक दिसलं, पण ते म्हणाले अजून नाही. वरचा पाऊस थांबला की असे छोटे ओढे काही तासांत उतरतात, फक्त तेवढा वेळ हातात हवा. म्हणून तर दोनची वेळ. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या आसपास असला तरी ढग आणि झाडी असलेल्या दरीत साडेसहालाच अंधारून येतं.

मी त्यांच्या पडवीत दोन तास बसलो. कोरा चहा दोनदा झाला. साडेसहानंतर पुलाच्या दोन्ही कडा दिसल्या, तरी मी गाडीवर बसलो नाही. आधी हातात काठी घेऊन पायी पलीकडे जाऊन आलो. मगच गाडी घातली, आणि पुलाच्या मधोमध ती बंद पडली.

इथे बहुतेक जण करतात तेच मी करणार होतो: सेल्फ दाबायचा, पुन्हा दाबायचा. इंजिन चालू असतं तोवर सायलेन्सरमधून बाहेर येणारा धूर पाण्याला आत येऊ देत नाही. बंद पडलं की पाणी आत शिरू शकतं. ते सिलिंडरपर्यंत पोचलेलं असताना सेल्फ मारलात तर पाणी दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च मग हजारांत जातो. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत बाहेर काढा. एअर फिल्टर उघडून बघा. कोरडा असेल तर बहुधा प्लगची टोपी भिजलेली असते. पुसा, फुंका, वाळवा. फिल्टर ओला असेल तर प्लग काढून पाच-सहा किका मारा, पाणी उडून जाईल. किक नसेल तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून थोडी ढकला. प्लग पाना गाडीसोबत येतो, पण तो अजून डिकीत आहे का ते घरीच बघा. माझा होता. प्लग नुसता भिजलेला निघाला, नशीब.

पाण्यातून बाहेर आल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा. मागचा ड्रम ब्रेक ओला असला की लागतच नाही, आणि पुढे उतार असतो.

डांबर दिसलं म्हणून वेग घेणं

कच्च्या रस्त्यावर आपण जपून चालवतो. पडतो ते चांगल्या रस्त्यावर. जुलैत लावणी चालू असते, चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर रस्त्यावर शेतातल्या चिखलाचे पट्टे ओढून ठेवतात. वळणानंतर असा पट्टा आला तर पुढचा ब्रेक दाबू नका, थ्रॉटल सोडा आणि गाडी सरळ ठेवा. वाड्यांमधले सिमेंटचे रस्ते झाडाखाली हिरवे दिसत असतील तर ते शेवाळ आहे. तिथे पाय टेकवत जायला लाज वाटू देऊ नका. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, त्यामुळे पुढे एखादी जीप असेल तर तिचं चाक कुठे किती बुडतं ते बघा.

गाडी आडवी झाली तर एकट्याने उचलता येते. हँडल ओढू नका, कंबर धरेल. गिअरमध्ये असू द्या म्हणजे घरंगळणार नाही. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवा. सीटला पाठ लावून बसकण मारा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठा.

सोबत काय न्यायचं याची यादी लांबवत नाही. ट्यूबलेस चाकांना पंक्चर किट आणि छोटा पंप पुरतो. तारांची चाकं असतील तर आत ट्यूब असते, ती बदलायचा सराव नसेल तर एकट्याने आडवाटेला जाऊच नये असं माझं मत. क्लच केबल जास्तीची एक. टाकी माणगावला फुल करून घ्या. आत शिरल्यावर बाटलीतलं पेट्रोल मिळेल या भरवशावर राहू नका.

रेंज गेली म्हणजे फोन निकामी झाला, असं समजणं

जीपीएसला नेटवर्क लागत नाही. त्या भागाचा नकाशा घरून डाउनलोड केला असेल तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं. रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो, म्हणून एअरप्लेन मोडवर ठेवा. कॉल लागत नाही तिथे एसएमएस पुष्कळदा निघून जातो. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कोणाचा असेल तर ११२ लागतो. रुग्णवाहिकेला १०८.

पण फोनपेक्षा खात्रीची गोष्ट म्हणजे शेवटच्या वस्तीतली टपरी. तिथे चहा घ्या आणि सांगून जा: एकटा आहे, वर चाललोय, तीनपर्यंत खाली येतो, ही गाडी. येताना पुन्हा तिथेच थांबा. आडवार बघून जाणाऱ्यांनी हे जास्तच करावं. गर्दी नको म्हणून आपण मंगळवार निवडतो आणि त्या दिवशी मदतीलाही कोणी नसतं.

फोटोसाठी मागे सरकणं

एकट्याचा फोटो काढायला कोणी नसतं, म्हणून फोन दगडावर टेकवायचा आणि फ्रेममध्ये बसण्यासाठी मागे जायचं. मागे दरी असते. कुंभ्यालाच जुलै २०२४ मध्ये रील करताना दरीत पडून एक मृत्यू झाला, बचाव पथकांना खाली उतरून वर आणायला कित्येक तास लागले. कड्यापासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवा, आणि पाठ कधीही कड्याकडे नको. धारेखाली उभं राहू नका, वरून पाण्याबरोबर दगड येतात. कुंडात एकट्याने पोहणं तर सोडूनच द्या.

बंदीचं थोडक्यात: पावसाळ्यात जिल्हाधिकारी बऱ्याच धबधब्यांवर मनाई आदेश काढतात. पूर्वी कलम १४४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. आदेश असेल तर बेत बदला. तिथे अडकलात तर तुम्हाला काढायला जी पोरं दोर घेऊन येतात ती गावातली आणि गिर्यारोहण संस्थांमधली असतात, आपापली कामं टाकून आलेली.

घरी पोचल्यावर

जळवा लागल्या असतील तर ओढून काढू नका, नख आडवं सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. पायाला जखम असताना चिखलात, भातखाचरात उतरला असाल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) शंका त्यांना त्यावरूनच येते.

शेवटची चूक माझीच. निघताना मित्राला सांगून ठेवलं होतं, "आठपर्यंत फोन नाही आला तर शोधायला लाग." ओढा उतरला, गाडी चालू झाली, निजामपूरला रेंज आली, आणि सुटल्याच्या आनंदात मी भजी खात बसलो. फोन एअरप्लेन मोडवरच. पावणेनऊला आठवण झाली तेव्हा त्याने माझ्या घरी, ऑफिसातल्या दोघांना आणि ११२ ला फोन करून झालं होतं. पोलिसांना पुन्हा फोन करून मी सुखरूप असल्याचं सांगायचं कामही त्यालाच करावं लागलं. मग तो मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.