भूकंपोत्तर धक्क्यांचा हिशेब करताना या चुका टाळा

26 जानेवारी 2001 रोजी सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी कच्छमध्ये सुमारे 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा बडोदेही हादरले. अशा प्रसंगी दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की आता धक्के किती दिवस बसत राहणार. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एखाद्या तारखेत शोधणे मात्र चूक आहे.

जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी 1894 मध्ये मांडलेल्या नियमानुसार, भूकंपोत्तर धक्क्यांची रोजची संख्या उलटलेल्या दिवसांच्या साधारण व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर धक्के नोंदले गेले, तर दहाव्या दिवशी सुमारे दहा आणि शंभराव्या दिवशी सुमारे एक अपेक्षित असतो. वरवर पाहता सारे शमल्यासारखे वाटते. परंतु बेरीज केली, तर दहाव्या ते शंभराव्या दिवसांतले धक्के पहिल्या ते दहाव्या दिवसांतल्या धक्क्यांइतकेच भरतात. त्यामुळे एक आठवडा शांत गेला एवढ्यावरून, भिंतींना तडे गेलेल्या वाड्यात तपासणी न करता पुन्हा झोपायला जाणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते.

संख्या घटली म्हणजे जोरही ओसरला, हा समजही तितकाच चुकीचा आहे. लहान-मोठ्या धक्क्यांचे आपसांतले प्रमाण साधारण तेच राहते, म्हणून उशिरा येणारा धक्काही मोठा असू शकतो. सर्वांत मोठा भूकंपोत्तर धक्का तीव्रतेत मुख्य भूकंपापेक्षा सुमारे 1.2 ने कमी असतो, हीदेखील केवळ सरासरी आहे. त्या हिशेबाने कच्छमध्ये 6.5 चा धक्का अपेक्षित होता. प्रत्यक्षात 28 जानेवारीचा धक्का 5.8 च्या आसपास होता. पुढे 2006 च्या मार्चमध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, त्याच परिसरात साडेपाचच्या आसपासचा भूकंप झाला.

भूकंपचक्राचा, म्हणजे एका मोठ्या भूकंपानंतर पुढचा किती वर्षांनी येईल याचा हिशेब याहून फसवा आहे. कच्छमधील 1819, 1956 आणि 2001 या सालांची वजाबाकी करून पुढच्या भूकंपाचे वर्ष काढता येत नाही, कारण 1819 मध्ये अल्लाबंद हा जमिनीचा लांब उंचवटा उचलणारा भ्रंश (खडकांतली सरकणारी भेग) वेगळा आणि 2001 चा वेगळा. प्रत्येक भ्रंशावर ताण साचण्याचा वेग निराळा असतो. भूपट्टाच्या अंतर्भागात, म्हणजे कडांपासून दूर, तो मंद असल्याने तेथील भूकंपोत्तर धक्के अनेक वर्षे रेंगाळू शकतात. बडोदेकरांनी तर नर्मदेच्या खोऱ्यातले भ्रंशही वेगळे धरले पाहिजेत: 23 मार्च 1970 रोजी भरूचला बसलेला 5.4 तीव्रतेचा धक्का कच्छच्या कोणत्याही हिशेबात बसणारा नव्हता.