एक्स्टेन्शन बोर्ड सुरक्षित कसा वापरावा : कूलरपासून कानबाईच्या रोषणाईपर्यंत

चैत्र सरत आला की जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि घरोघरी कूलर खिडकीत किंवा अंगणात येतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आल्या की एकाचे दोन कूलर होतात, बाजा गच्चीवर चढतात आणि भिंतीवरचे पॉइंट पुरत नाहीत. मग माळ्यावरचा एक्स्टेन्शन बोर्ड खाली निघतो.

तो लावण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. घरातला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, भिंतीतल्या वायरीसाठी बसवलेला असतो. पॉवर पॉइंटला साधारण अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वायर आणि १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी असतो. साध्या बोर्डाची वायर बहुधा पाऊण एमएमची, म्हणजे ६-७ अँपिअर पेलणारी. तिच्यातून १२ अँपिअर ओढले तर ती तापून वितळू लागेल, पण एमसीबी पडणार नाही. म्हणून हिशेब आपणच करायचा.

आधी वॅट मोजा

प्रत्येक उपकरणाच्या मागे वॅट छापलेले असतात. त्याला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २०० वॅटचा कूलर एक अँपिअरही घेत नाही. १००० वॅटची इस्त्री सव्वाचार घेते, १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा. ६ अँपिअरच्या बोर्डाची कमाल १३८० वॅट. आम्ही १००० वरच थांबायला सांगू, कारण वायरीची क्षमता ठरवताना हवा आपल्या मे महिन्याएवढी तापलेली धरलेली नसते. पीव्हीसीच्या साध्या वेष्टणाची मर्यादा ७० अंश. पत्र्याच्या छताला लागून गेलेली वायर वीज न वाहताच त्याच्या बरीच जवळ पोचते.

रॉड, गीझर, एसी, इंडक्शन शेगडी यांना एक्स्टेन्शन नकोच. त्यांच्यासाठी वायरमनकडून वेगळा पॉइंट काढून घ्या. फ्रिज आणि पाण्याची मोटर यांचे वॅट कमी दिसतात, पण सुरू होताना त्या क्षणभर कित्येक पट करंट ओढतात, म्हणून त्यांनाही भिंतीवरचाच पॉइंट द्या.

विकत घेताना

‘हेवी ड्युटी’ या शब्दांना काही अर्थ नाही. वायरीवर छापलेले वाचा: आयएसआय चिन्ह, आयएस ६९४ आणि जाडी. घरासाठी तीन कोअरची (आत तीन वेगळ्या तारा असलेली), तांब्याची, किमान एक एमएमची वायर घ्या. अंगणापर्यंत लांब न्यायची असेल तर दीड एमएमची. वायर दोनच कोअरची असेल तर बोर्डावर तीन भोके असूनही अर्थिंग नसते, फक्त दिसते. स्वस्त वायरीत वरून तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम निघते. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली तर परत करा. वायर, पिन आणि सॉकेट यांच्यावरचे आकडे वेगवेगळे असतील तर सर्वांत लहान आकडा हीच त्या बोर्डाची मर्यादा.

वायर टाकताना

रीळ असेल तर पूर्ण उलगडा. २५ मीटर पाऊण एमएम वायरीतून ६ अँपिअर गेले की तिच्यात एकूण सुमारे ४७ वॅट उष्णता तयार होते. पसरलेल्या वायरीतून ती हवेत जाते, गुंडाळलेल्या वेटोळ्यात साठते आणि आतले थर एकमेकांना चिकटतात.

गोधडी-सतरंजीखालून, दाराच्या फटीतून वायर नेऊ नका. खिळ्याला बांधू नका. बोर्डात दुसरा बोर्ड लावू नका. नागड्या तारा सॉकेटमध्ये घालून आगकाडी खोचण्याची सवय तर आजच सोडा: सैल सांधा ठिणग्या टाकतो, आणि ठिणगीला एमसीबी दाद देत नाही. दर वाढण्याची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवला असेल, तर त्या खोलीतून एक्स्टेन्शन नेऊच नये. उंदराने कुरतडलेली जागा कापसाखाली दिसत नाही.

कूलर

खरा धोका इथे आहे. पत्र्याची बॉडी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकाच ठिकाणी येतात.

कूलरची पिन तीन काट्यांचीच ठेवा. वरचा जाड काटा कापू नका, दोन काट्यांचा कन्व्हर्टर लावू नका. बॉडीत उतरलेला करंट त्याच काट्याने जमिनीत जातो. बोर्ड कूलरपासून किमान एक मीटर दूर, भिंतीवर उंच टांगा. वायर बोर्डाकडे वर चढण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळलेले पाणी त्या झोळातून खाली गळेल, सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. चुकीच्या जोडणीमुळे बटण न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) बसलेले असेल तर कूलर थांबतो, पण आत फेज (करंट आणणारी तार) तसाच जिवंत राहतो. पिनच काढा, मग भरा. हात पुसून, चप्पल घालून पिन परत लावा.

मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागताच तो पुरवठा तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

कानबाईची रोषणाई

कानबाईचा सण श्रावणात येतो आणि तेव्हा पाऊस असतो, म्हणून बाहेरच्या माळांचे सगळे सांधे छपराखाली आणा. पिशवी गुंडाळलेला बोर्ड कोरडा राहत नाही. आत वाफ धरते.

तपासणी आणि पिन बदलणे

लोड लावल्यावर अर्ध्या तासाने पिनेच्या प्लास्टिकला आणि वायरीला कोरड्या हाताने स्पर्श करा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा भोकांभोवती तपकिरी डाग असेल तर मेन बंद करून मगच पिन काढा.

बहुतेक वेळा पिनेतला स्क्रू सैल झालेला असतो. वायर पिनेशी कापून टाका. आठ-दहा मिलिमीटर वेष्टण सोलून तारा पिळा. हिरवी तार जाड काट्याला, लाल किंवा तपकिरी फेजला, काळी किंवा निळी न्यूट्रलला. काटे स्वतःकडे, जाड काटा वर धरला तर फेज डावीकडे येतो. हिरवी तार थोडी लांब ठेवा, म्हणजे वायरीला हिसका बसला तर अर्थिंग सर्वांत शेवटी सुटेल. वायर पकडणारी पट्टी घट्ट आवळा. मधेच तुटलेल्या वायरीला टेप मारून सांधू नका. उन्हात टेपचा गोंद सुटतो.

बोर्डाच्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कागद घालू नका. लाईट गेली की बोर्डाची बटणे बंद करा.

शॉक किंवा आग

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. आगीवर मेन बंद होईपर्यंत पाणी नको. कोरडी वाळू टाका, १०१ ला कळवा.

बाद केलेला बोर्ड

वायर ताठर झाली, तिला भेगा पडल्या किंवा पिन सैल बसू लागली की बोर्ड बाद समजा. टाकण्याआधी पिन कापून वेगळी करा आणि वायरीचे दोन-तीन तुकडे करा, म्हणजे तो उचलून कोणी दुसऱ्या घरात लावणार नाही.