‘टॉल’ की ‘हाय’? ऑनलाइन कॉर्पसच्या आधारे जवळच्या इंग्रजी शब्दांतला फरक कसा शोधावा

‘टॉल’ आणि ‘हाय’ या दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे शब्दकोशात ‘उंच’ असाच अर्थ दिलेला असतो आणि मराठीतून इंग्रजी शिकणारा नेमका इथेच अडतो. माणूस टॉल असतो आणि किंमत हाय असते, एवढे सवयीने कळते. पण भिंत, गवत, डोंगर यांच्यासाठी कोणता शब्द घ्यायचा, हे कोशातल्या दोन ओळींवरून ठरवता येत नाही. त्यासाठी कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या लेखनाचा आणि बोलण्याचा शोधता येईल अशा रीतीने साठवलेला संग्रह, पाहावा लागतो. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो त्यावरून त्याची ओळख पटते, हा ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडलेला विचार आज कोणालाही घरबसल्या पडताळून पाहता येतो.

सुरुवातीला ‘कोका’ हा समकालीन अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस घ्यावा. भाषाशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी तयार केलेला हा संग्रह २००८ मध्ये खुला झाला. आज त्यात १९९० ते २०१९ या काळातले एक अब्जाहून अधिक शब्द असून ते बोली, कथा-कादंबऱ्या, मासिके, वृत्तपत्रे, विद्वत्लेखन, दूरचित्रवाणी व चित्रपटांची उपशीर्षके, ब्लॉग आणि संकेतस्थळे अशा आठ विभागांत मांडलेले आहेत. इंग्लिश-कॉर्पोरा डॉट ओआरजी या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी केली की तो वापरता येतो. मात्र विनामूल्य खात्याला दिवसभरात ठरावीकच शोध घेता येतात, म्हणून कोणती जोडी तपासायची आणि तिच्याबद्दल नेमका प्रश्न काय आहे, हे आधी कागदावर लिहून मगच बसावे. ‘फरक काय?’ हा प्रश्न फार मोघम आहे. ‘या दोन शब्दांपुढे कोणकोणती नामे येतात?’ हा प्रश्न कॉर्पसला विचारता येतो.

शोधाच्या पर्यायांतून ‘कम्पेअर’ निवडल्यावर दोन शब्दांसाठी दोन चौकटी दिसतात. त्यांत रोमन लिपीत ‘टॉल’ आणि ‘हाय’ लिहावेत. शेजारशब्दांच्या चौकटीत नाम हा शब्दप्रकार निवडावा. त्याखालच्या अंकांच्या ओळीत डावीकडे शून्य आणि उजवीकडे एक ठेवावे, म्हणजे विशेषणाला अगदी लागून येणारे नाम तेवढे मोजले जाईल. हा पल्ला चार-चार शब्दांचा ठेवला, तर वाक्यात दूर असलेली, विशेषणाशी काहीही संबंध नसलेली नामेही यादीत घुसतात. विशेषण-नामाच्या जोडीसाठी पल्ला आखूडच असावा. क्रियापदाचे कर्म शोधताना मात्र मध्ये विशेषणे वगैरे येत असल्याने तो थोडा वाढवावा लागतो.

समोर दोन याद्या येतात आणि प्रत्येक नामापुढे ते पहिल्या शब्दाबरोबर किती वेळा आले, दुसऱ्याबरोबर किती वेळा आले, त्यांचे गुणोत्तर आणि शेवटी ‘स्कोअर’ असे आकडे असतात. यातला स्कोअर नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. ‘हाय’ हा मुळातच ‘टॉल’पेक्षा खूप जास्त वापरला जाणारा शब्द आहे, त्यामुळे नुसते आकडे पाहिले तर तोच सगळीकडे वरचढ वाटतो. समजा, एकूण वापरात ‘हाय’ हा ‘टॉल’च्या दहापट आहे आणि एखादे नाम दोघांबरोबर शंभर-शंभर वेळा आले आहे. वरवर बरोबरी दिसते. पण आपल्या एकूण वापराच्या मानाने पाहिले, तर ‘टॉल’ त्या नामाला दहापट अधिक ओढून घेतो आहे. स्कोअरमध्ये हा हिशेब केलेला असतो.

‘टॉल’च्या बाजूला माणसे, झाडे, गवत, इमारती दिसतील, म्हणजे तळापासून वर वाढत गेलेल्या आणि रुंदीच्या मानाने उभट असलेल्या गोष्टी. ‘हाय’च्या बाजूला पातळी, दर्जा, जोखीम, दर अशी मोजपट्टीवरची नामे येतील. ‘हायस्कूल’सारखे जोडशब्दही तिथे गर्दी करतील, ते बाजूला सारावेत, कारण आपल्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. खरी गंमत सीमेवरच्या नामांत आहे. आकड्यावर क्लिक करून मूळ वाक्ये उघडावीत आणि ‘माउंटन्स’ची वाक्ये सावकाश वाचावीत. ‘इन द हाय माउंटन्स’ अशा रचनेत डोंगराच्या आकारापेक्षा समुद्रसपाटीपासून वर असलेल्या प्रदेशाचा उल्लेख असतो. हे यादीत दिसत नाही, वाक्यातच दिसते. म्हणून यादी पाहून निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या विभागांतली वीस-पंचवीस वाक्ये वाचल्याशिवाय मी तरी कोणत्याही जोडीबद्दल ठाम बोलत नाही.

काही जोड्यांत फरक अर्थाचा नसून छटेचा असतो. ‘कॉज’ हे क्रियापद म्हणून शोधले, तर त्याच्या पुढे नुकसान, अडचण, कर्करोग, मृत्यू अशीच नामे प्रामुख्याने येतात. व्याकरणाच्या नियमात कुठेही लिहिलेले नसते की हे क्रियापद वाईट परिणामांसाठी आहे. पण लाखो वाक्यांत लोकांनी ते तसे वापरले आहे आणि म्हणूनच चांगल्या परिणामासाठी ते वापरले की वाक्य इंग्रजी वाचकाला खटकते. अनुवाद करणाऱ्यांनी ही जोडी, ‘कॉज’ आणि ‘लीड टू’, स्वतः तपासून पाहावीच.

‘बाय’ आणि ‘पर्चेस’ यांसारख्या जोडीत प्रश्न औपचारिकतेचा असतो. तिथे शब्दाचा वापर विभागवार दाखवणारा ‘चार्ट’ हा पर्याय घ्यावा. ‘पर्चेस’ हे नामही असल्याने शब्दाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘व्ही’ हे अक्षर जोडून फक्त क्रियापद मागवावे. शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिला, तर त्याची सर्व रूपे एकत्र मोजली जातात. विभागांची तुलना करताना एकूण संख्या पाहू नये, दर दहा लाख शब्दांमागचे प्रमाण पाहावे.

कॉर्पसमध्ये एखादी रचना सापडली नाही म्हणून ती चूक ठरत नाही आणि दोन-चार वेळा सापडली म्हणून बरोबरही ठरत नाही. शिवाय कोका अमेरिकन आहे. ब्रिटिश वापरासाठी बीएनसी (ब्रिटिश नॅशनल कॉर्पस) हा दहा कोटी शब्दांचा संग्रह आहे, पण त्यातला मजकूर १९९३ पर्यंतचाच असल्याने अलीकडच्या शब्दांसाठी तो उपयोगी नाही. भारतीय इंग्रजीचा विचार करताना मला आवर्जून कोल्हापूरची आठवण होते. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ सालच्या मजकुरांतून दहा लाख शब्दांचा भारतीय इंग्रजीचा कॉर्पस तयार झाला, तेही संगणक दुर्मीळ असण्याच्या काळात. आज याच कामासाठी वीस देशांतल्या संकेतस्थळांवरचे इंग्रजी असलेला ‘ग्लोब’ हा संग्रह हाताशी आहे. ‘डिस्कस’ आणि ‘डिस्कस अबाउट’ या रचना त्यात चार्टने शोधाव्यात आणि भारताचा स्तंभ ब्रिटन-अमेरिकेच्या स्तंभांशेजारी ठेवून वाचावा. आपला मजकूर कोणत्या वाचकासाठी आहे, त्यानुसार कोणत्या स्तंभाला महत्त्व द्यायचे ते ठरवता येते.